लाल मोजे

जानेवारीत स्पेनमधल्या मालागाच्या किनाऱ्यावरची निम्मी हॉटेलं बंद असतात, तेव्हा रोसिओच्या आजीचा रिकामा फ्लॅट दरवर्षी आम्हा दोघी मैत्रिणींचा असतो. यंदा रोसिओनं कॉलेजातली हिमेना पण आणली. मी शाळा सोडलेली, ही म्हणे वकील होणार! टेबलावरचं जाड पांघरूण मांडीवर ओढून, पायांपाशी हीटर लावून, आम्ही तिघी पत्ते खेळत होतो. माझा पत्ता खाली पडला. वाकून बघते तर काय, मी रोसिओसाठी विणलेले लाल मोजे हिमेनाच्या पायात! "अगं, तिला थंडी वाजत होती," रोसिओ म्हणाली. "मग वकीलबाईंना माझी कातडी पण सोलून दे ना!" मी भडकले आणि पायाच्या अंगठ्यानं गुपचूप हीटर बंद केला. हिमेना कुडकुडायला लागली. तेवढ्यात रोसिओचे बर्फासारखे गार, अनवाणी पाय नेहमीसारखे माझ्या मांडीखाली घुसले. मग हीटर मी लावलाच नाही.