मायची खूण

डोक्यावर कानबाई देवीचा चौरंग घेऊन कुंदाबाई विसर्जनासाठी नदीच्या उतारापर्यंत आली आणि लटलट कापायला लागली. बायांनी चौरंग झटकन काढून घेतला, तिला वडाखाली बसवलं. वाजंत्री थांबली.

"उनी व माय, आंगमा उनी!" चुलतजाऊ भिकुबाई ओरडली. झालं, देवी अंगात आली म्हटल्यावर निम्मं गाव पायाशी. "माय, मनी पोरनं लगीन कव्हय जमी?" एकीनं विचारलंसुद्धा. देवी आयती समोर बसलेली, विचारायचं कोण सोडतो?

सून नूतनही वाकली. सासूच्या तळव्यांना हात लागला आणि तिनं तो उचललाच नाही. श्रावणातलं ऊन चटचटत होतं आणि पाय गार. नुसते गारही नाहीत, ओले, चिपचिपीत. कपाळ तसंच, मानही तशीच. शिरपूरच्या डॉक्टरांनी शुगरची गोळी सुरू करताना तिलाच बजावलं होतं, "अंग असं गार-ओलं लागलं की वाट पाहू नका. आधी तोंडात साखर घाला." कुंदाबाईला कालपासून कडक उपास. सकाळची गोळी मात्र तिनं घेतली होती. गोळीनं उपास थोडाच मोडतो, म्हणाली होती.

नूतननं नैवेद्याच्या ताटातला गूळ उचलला. भिकुबाईनं तिचं मनगट धरलं.

"काय करस? विसर्जनना आगोदर उपास मोडशी तिना?"

"काकी, त्यासनी शुगर उतरनी. आंग देखा ना, कसं गार लागस!"

"गारच लागी. माय नदीम्हाईन येस. तीच तं खूण शे."

नूतननं नवऱ्याकडे पाहिलं. भूषण शिकलेला, पण तोही हात जोडून उभा. देवीपुढे बायकोची बाजू घेणारा नवरा त्या गावात अजून जन्मायचा होता.

तिनं हिसडा मारून हात सोडवला. गूळ ओठांशी नेला, तर सासूची दातखीळ बसलेली. मग तो तिनं हिरड्यांवर चोळला. "गाडी आणा!" ती किंचाळली. कोणी हललं नाही. कापरं हळूहळू थांबलं आणि कुंदाबाईची मान तिच्या खांद्यावर कलली.

"देख," भिकुबाई समाधानानं म्हणाली, "माय शांत व्हयनी."

वाजंत्री पुन्हा सुरू झाली. नूतननं सासूच्या नाकापुढे बोट धरलं, बराच वेळ धरलं. मग पदरानं तिचं कपाळ पुसलं. पुन्हा घाम आला नाही.