दीड पुरुष खाली

एसेनने दगडावर तीन काडतुसं उभी केली. वनरक्षक असल्यामुळे त्याच्या कमरेला पिस्तूल होतं. त्यातलं काडतूस जर्दाळूच्या बीएवढं. शेजारी म्हाताऱ्या तोरोकुलच्या कार्बाईनचं, करंगळीएवढं. शेवटचं लांब रायफलचं. ती रायफल जुमागुलची, तोरोकुलच्या थोरल्या मुलाची.

"माझं तर ओढ्यातच पडेल," एसेन पिस्तुलाच्या काडतुसाला टिचकी मारत म्हणाला. "मासे मारायला बरं."

कुणी हसलं नाही. तोरोकुलच्या सुनेने, सालकिनने, दुर्बीण डोळ्यांना लावली. घळीपलीकडे, पाचशे मीटरवरच्या कड्याच्या माथ्यावर एसेनने सकाळी डोंगरी बोकडाचं एक शिंग रोवून ठेवलं होतं. त्याच्या खाली, खुरट्या झुडपांत, लोकरीचा पांढरा नमदा टांगला होता. मागल्या शरदात तिचा नवरा तिलेक त्याच झुडपांत, बोकडांना हुसकायला दबा धरून बसला होता. माथ्यावर, आता शिंग होतं त्याच जागी, बोकड उभा राहिला, इकडून बापाने आणि थोरल्या भावाने एकदमच बार काढले. बोकड पळाला. तिलेक उठलाच नाही.

गोळी आरपार गेली होती, सापडली नाही. मग गावाने काडतुसं बघूनच निकाल लावला. लहान काडतूस घळ ओलांडेपर्यंत मरतं, माणूस मारलाय तो लांबड्यानेच. तेव्हापासून जुमागुल भावाचा मारेकरी. सालकिनने स्वतः त्याच्या तोंडावर दार लावलं होतं.

उद्या तिलेकच्या वर्षाचं जेवण. आज सकाळी जुमागुल येऊन दाराबाहेर, घोडे बांधायच्या खांबाशी उभा राहिला. आत यायला मागितलं नाही. एवढंच म्हणाला, "दोन्ही बंदुका एकदा तिथूनच झाडून बघा. माझी गोळी निघाली तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

एसेनने रायफल खोगिरावर टेकवली. "नेमाची पट्टी त्या दिवशी कितीवर होती?"

"पाचशेवर," जुमागुल म्हणाला. "अंतर बघून सरकवली होती."

"आणि तुमची, चाचा?"

तोरोकुलने कार्बाईन पुढे केली. "जिथे असते तिथे. मी जवळूनच मारतो. ती सरकवायची असते हे कुणाच्या लक्षात राहतं?"

एसेनने पट्टीवर अंगठा दाबून पाहिला. ती तीनशेच्या खाचेत गंजून बसली होती. का गंजली ते सालकिनला माहीत होतं. मामंजींनी वर्षभर ती बंदूक पुसली नव्हती. ती खुंटीवर असायची, आणि ते तिच्याकडे पाठ करून जेवायचे.

"मग तशीच राहू दे," एसेन म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

आधी रायफल. नेम शिंगावर. धडाका झाला आणि त्याच क्षणी शिंगाच्या बुडाशी दगड फुटला. त्या पांढऱ्या जखमेच्या वीतभर बाजूला दुसरी एक जखम होती, वर्षभराच्या पावसापाण्याने काळवंडलेली. सालकिनने दुर्बीण एसेनच्या हातात दिली. त्याने पाहिलं आणि ती जुमागुलपुढे केली. जुमागुलने ती घेतली नाही. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी गवत धरून राहिला.

मग एसेनने कार्बाईन घेतली. नेम त्याच शिंगावर.

धडाका झाला. शिंग हललं नाही, दगड फुटला नाही. सालकिनला वाटलं, गाव म्हणत होतं तेच खरं, मेली वाटेत. तिने श्वास घेतला. तो सोडायच्या आत नमदा हलला, कुणीतरी बोटाने ढकलल्यासारखा.

प्रतिध्वनी मागून आला.

म्हणजे गोळी मेली नव्हती. तिला उशीर झाला होता, आणि त्या उशिरात ती खाली उतरली होती. माथ्यापासून दीड पुरुष खाली. सालकिनने आता घेतला तेवढ्या एका श्वासाचा वेळ त्या दिवशी तिलेक अजून जिवंत होता, बाराचा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाही नव्हता, आणि तो बोकडाकडे बघत होता.

"वारा असेल चाचा," एसेन पुटपुटला. "आणखी एकदा—"

"नको. नमदा मीच आणतो."

म्हातारा घोड्यावर चढला. घळीत उतरून पलीकडे चढायला आणि परतायला त्याला बराच वेळ लागला. सालकिन वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. शिकारीहून येणाऱ्याला जो पहिला भेटेल त्याने वाटा मागायचा, आणि शिकाऱ्याने नाही म्हणायचं नाही, ही इथली रीत. मागल्या वर्षी ती इथेच धावत आली होती. खोगिरावर आडवं काहीतरी दिसलं तेव्हा लांबूनच हसत ओरडली होती, "मामंजी, माझा वाटा!"

आजही खोगिरावर आडवं काहीतरी होतं. तिच्यासमोर येऊन घोडा थांबला. नमद्याला मधोमध एक भोक होतं, करंगळीएवढं.

तोरोकुलने तिच्याकडे पाहिलं नाही. घोड्याच्या आयाळीकडे बघत म्हणाला, "पोरी, पहिली तूच भेटलीस. माग."

मागे जुमागुल उभा राहिल्याचं तिला जाणवलं.

"उद्या घरात, दारासमोरची मानाची जागा," ती म्हणाली. "भाऊजींना."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि घोड्यावरून उतरला. नमदा मात्र खोगिरावर तसाच राहिला, दोन्ही बाजूंना सारखा लोंबत.