मागे बांधलेले हात

चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचा डबीएवढा प्रोग्रॅमर मी हौसेनं घेतला आणि आठवड्यातच तो जळाला. चार वर्षांची लेक टेबलापाशीच खेळत होती. ठेवून दिला एक धपाटा. तेव्हापासून ती टेबलाजवळ हात मागे बांधून उभी राहते. आज नवा निवडायला दुकानात आलो, तर इथंही तशीच. “नवशिक्याला स्वस्तातला चालेल ना?” मी विचारलं. “आधी सांगा ताई, जुना कशानं गेला?” दुकानदार म्हणाला. माझ्याआधी लेकच बोलली, “मी हात लावला.” मी दिलेला जुना, चिप अजून आतच असलेला, निरखत तो हसला. “हात लावून कुठं जळतो, बाळा? चिपची खाच या दांडीकडे हवी. कुणीतरी उलटी बसवलीय, म्हणून जळाला. महागातला घ्या, तो चुका पोटात घालतो.” लेकीनं विचारलं, “आई, तीपण मीच बसवली?” “नाही गं, मी,” म्हणत हात पुढे केला, तर तिनं अंग चोरलं.