काजावरचं बटण

“चार बटणं लावायला अख्खी सकाळ? एवढ्यात मी सदऱ्यासकट गिऱ्हाईक शिवून दिलं असतं,” वडील कापड बेतताना पुटपुटले. दुकानाच्या कोपऱ्यात मुलगा मांडीवर शर्ट घेऊन बसला होता. एकेकाळी वडिलांहून सफाईदार हात त्याचा. मग त्याला नसलेली माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. औषधांनी ती गप्प झाली आणि दुकान त्याच्यावर सोपवायचं ठरलं. पण तोही गप्प झाला. “गोळ्यांची सुस्ती,” आई म्हणे. “आळस,” वडील म्हणत. आज चारही बटणं लागली. “बघा, केलं की लेकरानं!” आईने हरखून शर्ट उचलला. टाके रेखीव, पण प्रत्येक बटण काजावरच शिवलेलं. “झालं ना, बाबा?” मुलाच्या चेहऱ्यावर ना आनंद, ना भीती. वडिलांनी उसवायला कात्री उचलली आणि खाली ठेवली. “आळस नाही गं हा. पोरगा अजून आजारी आहे.”