खिळ्यावरची रोटी

आमच्याकडे दूर निघालेला माणूस रोटीचा एक घास तोडतो. उरलेली भिंतीवर टांगतात. परत येऊन त्यानंच ती संपवायची.

राष्ट्राध्यक्षांचा कुत्रा दात दाखवायला खास विमानानं जर्मनीला गेला, तेव्हा त्यालाही रोटी चावायला लावली. ती मेल्या उंदरांनी खाल्ली. आज कुत्रा परतणार, म्हणून महालातले अन्नागुलीसाहेब घामाघूम होऊन माझ्या दारात आले. तुरुंगातला माझा मुलगा मेरदान "सुखरूप आहे, येईल," असं नऊ वर्षं हे साहेबच मला सांगत आलेत.

"मावशी, ती खिळ्यावरची रोटी द्या."

"अहो, ती मेरदानची. तो आल्यावर काय खाईल?"

 

"द्या हो लवकर, विमान उतरलंय! मेरदानला आता कसली लागतेय रोटी?"