तातडी नाही

नव्या डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेरच्या बाकावर टेलरमास्तर बसलेले दिसले आणि थोरल्या डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

गुरुवारी दुपारी ते मुख्य कार्यालयात बैठकीला जात. आज बैठक लवकर आटोपली, म्हणून हे बघायची वेळ आली. मास्तर मांडीवर पिशवी धरून मान खाली घालून बसले होते. गेली एकतीस वर्षं डॉक्टरांच्या घरचे सगळे कपडे मास्तरांच्या हातचे, आणि मास्तरांची सगळी दुखणी डॉक्टरांच्या हातची. नजरानजर होताच मास्तर चोरी पकडल्यासारखे अर्धवट उठले. डॉक्टर न पाहिल्यासारखं करून आपल्या खोलीत गेले.

बाईंना या दवाखान्यात येऊन आठच महिने झाले होते. तेवढ्यात त्यांनी चार जणांचा कॅन्सर अगदी सुरुवातीला पकडला होता. चौघंही धडधाकट हिंडत होते आणि भेटेल त्याला बाईंचं कौतुक ऐकवत होते. बाई काही जादू करत नव्हत्या. पेशंट उठायला लागला की त्या विचारत, "अजून काही?" आणि मग गप्प बसत. थोरल्या डॉक्टरांची रीत वेगळी. "काही नाही होत," एवढं म्हणून ते पाठीवर थाप मारत. त्या थापेनंच माणूस निम्मा बरा होतो, असं लोक म्हणायचे. हल्ली कुणी म्हणत नव्हतं.

दवाखान्यात लवकर निदानासाठी वेगळी खोली सुरू होणार होती आणि ती कुणाच्या ताब्यात द्यायची हे महिनाअखेर ठरणार होतं. डॉक्टरांना ती हवी होती. खरं सांगायचं तर ती बाईंना मिळायला नको होती.

घरीही तेच. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "त्या नव्या डॉक्टर कशा आहेत हो?"

"उत्साही आहेत," डॉक्टर म्हणाले, आणि तो शब्द शिवी दिल्यासारखा उच्चारला. हल्ली रोज करायची तसं बायकोनं आपल्या ताटातलं अर्धं त्यांच्या ताटात सरकवलं. तुम्हाला आवडतं ना, म्हणाली. घरचं एक माणूस तरी आपल्या बाजूचं आहे, या समाधानात डॉक्टरांनी चार घास जास्तच खाल्ले.

सोमवारी टेबलावर अर्ज आले. मोठ्या इस्पितळात दुर्बिणीच्या तपासणीला या दवाखान्याला महिन्यात सहाच जागा मिळत. ओळखीपाळखीनं कुणी पुढे घुसू नये म्हणून अर्जावर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर आणि वय लिहायचं, हा नियम डॉक्टरांनीच घातला होता. मंजुरीची सहीही त्यांचीच लागे.

नंबर बेचाळीस. वय एकसष्ट. तीन महिन्यांत वजन सहा किलो उतरलं, घास अडकतो, तातडीनं पाठवावं. खाली बाईंची सही आणि गुरुवारची तारीख.

डॉक्टरांना हसू आलं. मास्तरांचं वय त्यांना तोंडपाठ होतं, एकसष्टच. मास्तर म्हणजे जन्माचा काडी पैलवान. वजन उतरायला आधी अंगावर असावं लागतं. शिवाय महिन्यापूर्वीच त्यांनी मास्तरांना तपासून "काही नाही होत" म्हटलं होतं. हा अर्ज मंजूर करणं म्हणजे आपल्याच हातानं स्वतःला खोटं पाडणं. त्यातून उद्या खरंच काही निघालं तर बाईंचा पाचवा, आणि तोही आपल्या घरोब्यातला माणूस.

एक जागा शिल्लक होती. पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी अर्जावर लिहिलं, 'तातडी नाही. तीन महिन्यांनी पाहू.'

संध्याकाळी बाई तो अर्ज घेऊन आल्या.

"सर, बेचाळीस नंबर का थांबवलात?"

"कारण मी त्या पेशंटला ओळखतो."

बाई चपापल्या. "तुम्हाला माहीत आहे कोण ते?"

"तुमच्यापेक्षा जास्त. कितीतरी वर्षं."

"आणि तरीही?"

"म्हणूनच."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी अर्जाची पेशंटची प्रत फाडून घेतली आणि निघून गेल्या. कितीतरी दिवसांनी डॉक्टरांना त्या रात्री गाढ झोप लागली.

पंधरा दिवसांनी ते मास्तरांच्या दुकानात गेले. पँट कमरेत घट्ट होऊ लागली होती, ती सैल करून घ्यायचं निमित्त होतं. मनातून मास्तरांना मोठ्या मनानं माफ करायचं होतं. मास्तर नेहमीसारखेच काटकुळे, नेहमीसारखेच तुरुतुरु हिंडत होते. डॉक्टरांना स्वतःच्या निदानाचा अभिमान वाटला.

"वजन उतरलं होतं तर मला सांगायचंत," ते म्हणाले. "बाईंकडे कशाला गेलात?"

"माझं वजन?" मास्तरांनी टेप खाली ठेवली. "मी नुसता सोबतीला होतो. वहिनी आत होत्या, त्यांची पिशवी सांभाळत बसलो होतो."

मास्तरांनी मापांची वही काढून वहिनींचं पान उघडलं. वरचा आकडा खोडला होता, त्याखालचाही खोडला होता.

"तीन महिन्यांत दोनदा कपडे आत घेतले, तेव्हा मीच मागे लागलो. त्या म्हणाल्या, दुसऱ्या डॉक्टरकडे गेले कळलं तर ह्यांना वाईट वाटेल, म्हणून गुरुवार गाठला. पण आता घोर मिटला, साहेब. चिठ्ठी आली तेव्हा त्यांनी अक्षर ओळखलं. म्हणाल्या, ह्यांनीच लिहिलंय, म्हणजे काळजीचं काही नाही."