मुलाचा हात

चौदा दिवस मी त्या जुन्या गाडीच्या मडगार्डशी झुंजत होते. आधीच्या कुणा शहाण्याने वाकलेला पत्रा नुसता बडवून फुगवून ठेवला होता. पत्र्याला एकदा पोट सुटलं की ते मारून आत जात नाही, माणसाचं जात नाही तसंच. एकेक ठिपका लाल होईपर्यंत तापवायचा, हलकेच ठोकायचा, वर ओलं फडकं दाबायचं, तेव्हा कुठे पत्रा आवळतो. आज गाडीचे मालक आले. बाबांनी त्यांच्यासमोर डोळे मिटून मडगार्डवरून तळहात फिरवला. काम तपासायची त्यांची ती कायमची रीत. हात कुठेच अडला नाही. "चिमूटभर पुट्टीसुद्धा भरलेली नाही," ते मालकांना म्हणाले. "हा माझ्या मुलाचा हात!" मुलीने ठोकलंय असं कळलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, हे त्यांचं जुनंच तुणतुणं. दादाने चौदा दिवसांत फक्त फोटो काढले होते, तरी मालकांनी पाठ थोपटल्यावर तो लाजल्यासारखं हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी हातोडी उचलली आणि मडगार्डच्या ऐन मधोमध एक सणसणीत ठेवून दिली. बशीएवढा पोचा पडला. "अगं, वेड लागलं का तुला?" बाबा ओरडले. "लागलं," म्हणत मी हातोडी दादाच्या हातात कोंबली. "मुलाचा हात आहे ना? मग काढू दे त्यालाच." मालक हाताची घडी घालून उभे राहिले. दादाने हातोडी दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि सगळ्यांदेखत मलाच विचारलं, "आधी कुठून तापवायचं गं?"